आधी सॉकेटचं बोला, मग गाडीचं!

आमच्या घरात माणसं चार आणि मतं पाच. (पाचवं मत शेजारच्या काकांचं. ते न विचारता मिळतं.) विषय एकच, नवी गाडी. बारा वर्षांची हॅचबॅक आता चढावर दमते, आणि पिल्लूची कार सीट मागे लावली की आईंना बसायला अर्धीच जागा उरते. म्हणजे गाडी हवीच. आणि ती इलेक्ट्रिकच हवी, असा नवऱ्याचा हट्ट.

तो चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला. त्याचं मन जडलंय महिंद्राच्या बीई ६ वर. ‘आपल्या चाकणला बनते गं!’ हे त्याचं पहिलं आणि शेवटचं आर्ग्युमेंट. बाबा, म्हणजे माझे सासरे, टेल्कोमधून रिटायर्ड. टाटा मोटर्स म्हणायला त्यांची जीभ अजून वळत नाही. १९९८ मध्ये पिंपरीतून इंडिका बाहेर पडली, तो दिवस ते काल घडल्यासारखा सांगतात. त्यांचं मत हॅरियर ईव्हीला, कारण तीही पिंपरीचीच. आईंची अट साधी: ‘गुडघे न वाकवता बसता आलं पाहिजे.’ आणि मी? मी हिंजवडीत बसून एक्सेल शीटमध्ये ईएमआय बघते!

आकड्यांचा फंडा

शोरूममध्ये पहिला आकडा कानावर पडतो तो रेंजचा. बीई ६ ची मोठी, ७९ किलोवॅट-अवरची बॅटरी घेतली तर सहाशे ऐंशीच्या वर किलोमीटर. ७५ च्या बॅटरीची हॅरियर ईव्ही ६२७. ऐकून वाटतं, वाकडहून निघावं आणि थेट गोवा गाठावं! पण हा आकडा टेस्टचा. गाडी लॅबमध्ये रोलर्सवर, ठरलेल्या वेगाने पळवतात. तिथे ना घाट, ना पाच माणसं, ना डिकीतला आंब्याचा पेटारा.

बरी गोष्ट ही, की कंपन्याच आता खरा आकडाही सांगतात. हॅरियरच्या मोठ्या बॅटरीला टाटा साधारण ४८० ते ५०५ म्हणते, आणि ४५ च्या नेक्सॉनला ३५० ते ३७०. महिंद्राही ७९ च्या बॅटरीवर पाचशेच्या पुढचा दावा करते. सेल्समनला हाच आकडा विचारा. तो थोडा गडबडतो, पण सांगतो.

आता आपलं रोजचं काय? वाकडहून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण, जाऊन-येऊन साठेक किलोमीटर. ही गाडी एका युनिटवर साडेसहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे दिवसाला नऊ युनिट. सगळ्यात लहान बॅटरीलाही हे सहज जमतं! उलट चाकणच्या तळेगाव चौकात पाऊण तास अडकलात, तर पेट्रोल गाडी उभ्या उभ्या पेट्रोल पिते. इलेक्ट्रिक गाडीत फक्त एसी चालतो, तासाला एखाद युनिट. या पट्ट्यात राहणाऱ्यांनी ईव्ही घेण्याचं सगळ्यात पटणारं कारण माझ्या मते पर्यावरण वगैरे नाही, तर चाकणचा ट्रॅफिक आहे!

माझं माहेर कोल्हापूर, सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. नेक्सॉन कागदावर एका दमात पोचेल. पण शंभरच्या स्पीडला रेंज पटापट उतरते, आणि त्या हायवेवर डायव्हर्जन काही संपत नाहीत. म्हणून साताऱ्या-कराडला एक थांबा धरायचा. तसाही मिसळीसाठी आम्ही थांबतोच.

बसून बघा, मग बोला

टेस्ट ड्राइव्हला आईंना घेऊन गेलो, हे सगळ्यात शहाणपणाचं झालं. बीई ६ बाहेरून एकदम सॉल्लिड. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये ती बीई ६ई म्हणून आली, मग इंडिगो विमान कंपनी नावावरून कोर्टात गेली आणि ‘ई’ गळला, हा किस्सा नवऱ्याने सेल्समनला ऐकवला. (सेल्समनला तो पाठ होता.) पण मागे बसल्यावर आई म्हणाल्या, ‘खिडकी केवढीशी गं ही!’ विषय संपला. उतरत्या छपराच्या गाड्यांचं हे असंच. कर्व्ह ईव्हीतही उंच माणसाचं डोकं वर जवळजवळ टेकतं. महिंद्राची एक्सईव्ही ९ई मागे ऐसपैस आहे, डिकी तर ६६३ लिटरची! पण लांबी पावणेपाच मीटरच्या वर. आमच्या पार्किंगच्या खांबाशी तिची दोस्ती होणार नाही.

आईंना खरी आवडली एमजीची विंडसर. मागची सीट १३५ अंशांपर्यंत कलते, सोफ्यासारखी. तिची स्कीमही हटके. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आली तेव्हा गाडी ९.९९ लाखांना, बॅटरीचं भाडं वेगळं, किलोमीटरला साडेतीन रुपये. ऐकायला स्वस्त, पण त्यात चार्जिंगचे दीड रुपये मिळवा. झाले पाच! रोज साठ किलोमीटर चालणाऱ्याची बचत भाड्यातच जाते. बॅटरीसकटच घ्यायची तर ठीक. क्रेटा इलेक्ट्रिक आम्ही पाहिली. चांगली आहे, फार काही बोलण्यासारखं नाही.

सेफ्टीचं टेन्शन मात्र कमी झालंय. हॅरियर ईव्ही आणि एक्सईव्ही ९ई यांना भारत एनकॅपमध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी ३२ पैकी ३२ गुण, बीई ६ ला ३१.९७. नेक्सॉन आणि कर्व्ह ईव्हीही पाच स्टार. पिल्लूच्या सीटसाठी आयसोफिक्सचे हुक आहेत का, ते मात्र स्वतः हात घालून बघा.

खरी परीक्षा सोसायटीत

आता मुद्द्याचं. गाडी ठरण्याआधी आमची मीटिंग झाली ती सोसायटीच्या कमिटीबरोबर. नवऱ्याने चार्जर बसवायची परवानगी मागितली आणि चेअरमननी मोबाइलवर जळत्या स्कूटरचा व्हिडिओ दाखवला! घाबरणं अगदी चूक नाही, २०२२ मध्ये आगी लागल्याच होत्या. पण त्यानंतरच बॅटरीचे नियम कडक झाले. गाड्यांसाठीचं सुधारित एआयएस-०३८ त्याच वर्षी आलं. आणि केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या जानेवारी २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या, ऑफिसच्या आहे त्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते. हे सगळं छापून, बाबांच्या सहीने अर्ज दिला. टेल्कोचा माणूस सही करतो म्हटल्यावर दोन मेंबर तिथेच गार!

अडचण होती वेगळीच. आमची जागा स्टॅक पार्किंगमध्ये वरच्या मजल्यावर. वर वायर न्यायची कशी? आणि वजन? या मोठ्या ईव्ही दोन टनांच्या वर जातात. लिफ्टच्या खांबावरची पाटी आम्ही पाच वर्षांत पहिल्यांदा वाचली: २००० किलो. हॅरियर तिथेच बाद! बाबा दोन दिवस गप्प होते. शेवटी खालच्या जागेची अदलाबदल झाली, शेजारच्या काकांशीच. ते फुकटचं मत असं कामी आलं. पण खाली उंची आणि लांबी मोजून मिळते, म्हणून मोठी गाडी तरीही नाहीच.

चार्जिंगचं गणित तसं सोपं. पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर तासाला तीनेक युनिट, म्हणजे रोजचे नऊ युनिट तीन तासांत. रात्री लावा, सकाळी काढा. ७.२ किलोवॅटचा चार्जर असेल तर रिकामी ४५ ची बॅटरीसुद्धा साडेसहा-सात तासांत. गुरुवारी महावितरण लाइट घालवतं, तेव्हा बुधवारी रात्री विसरू नका!

पैसे बोलतात

पेट्रोल शंभरीपार, आमची गाडी लिटरला चौदा, म्हणजे किलोमीटरला सात-साडेसात रुपये. घरी युनिट दहाला धरलं तर ईव्हीचा दीड. मात्र घरच्याच मीटरवर चार्ज केलंत तर महिन्याचे दोनशे-सव्वादोनशे युनिट वाढून तुम्ही वरच्या स्लॅबमध्ये ढकलले जाता. वेगळं ईव्ही मीटर घ्या.

वर्षाला अठरा हजार किलोमीटर चालवणाऱ्याचा साधारण लाखभर वाचतो. सारख्या फीचर्सच्या पेट्रोल गाडीपेक्षा तीन-चार लाख जास्त दिले तर चार वर्षांत वसूल. पण तुमचं वर्क फ्रॉम होम असेल आणि वर्षाला जेमतेम सहा हजार होत असतील, तर बॉस, दहा वर्षं लागतील! सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, ईव्हीचा पाचच राहिला. अंतर कमी झालंय, हेही लक्षात घ्या. रोड टॅक्स माफ, आणि राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार एक्स्प्रेसवेचा टोलही माफ. फास्ट चार्जरवर मात्र युनिट वीस-बावीस रुपयांच्या घरात जातं. घरी सॉकेट नसेल तर माझं सरळ मत: घेऊ नका.

लाइफटाइम बॅटरी वॉरंटीची जाहिरात पाहून हुरळू नका. ती पहिल्या मालकाला. विकायची वेळ आली की पुढच्याला काय मिळतं, ते लेखी घ्या.

आम्ही ४५ ची नेक्सॉन बुक केली. चार मीटरच्या आत, आई ताठ बसतात, पार्किंगच्या खांबाला नमस्कार करून आत जाते. बनते रांजणगावला, म्हणजे ना पिंपरी, ना चाकण. त्यामुळे घरात कोणीच जिंकलं नाही! बाबा टाटा म्हणून खूश. नवरा अजून नाशिक फाट्यावर बीई ६ दिसली की मान वळवतो. मीटरवाला मंगळवारी येणार आहे.