स्त्री-वैज्ञानिकांची वाट

कमला भागवत, विवाहोत्तर सोहोनी, यांना १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथम प्रवेश नाकारण्यात आला. आक्षेप गुणवत्तेवर नव्हता, स्त्रीत्वावर होता. त्यांनी आग्रह सोडला नाही. तेव्हा संचालक चंद्रशेखर वेंकट रामन यांनी वर्षभराच्या परीक्षाकाळाची अट घालून प्रवेश दिला. पुढे १९३९ मध्ये, वनस्पतिपेशींच्या श्वसनक्रियेतील सायटोक्रोम-सी या प्रथिनावरील संशोधनासाठी, केंब्रिजने त्यांना डॉक्टरेट दिली. तथापि असे असामान्य धैर्य प्रत्येकीकडून अपेक्षिणे न्याय्य नव्हे. संसारामुळे संशोधनात खंड पडलेल्या स्त्रियांसाठी केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये स्वतंत्र योजना आखली, ती याच जाणिवेतून. प्रवेशाची आणि पुनरागमनाची सोय नियमांतच असावी लागते.