नवापूर-तारापूरचा किनारा

मुंबईहून गुजराथकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, पालघरच्या उत्तरेस, बोईसर हें स्थानक लागतें. तेथून पश्चिमेची वाट धरली म्हणजे नवापूर येतें. गांवाच्या नांवांत नवेपणा असला, तरी ज्या किनाऱ्यावर तें वसलें आहे तो फार जुना आहे. उत्तरेस चिंचणी व तारापूर, मध्यें उच्छेळी व दांडी, दक्षिणेस आलेवाडी व नांदगांव अशी ही गांवांची माळ आहे. ताडामाडांची सावली, मागें भातशेती आणि पुढें समुद्र हें तिचें सर्वसाधारण रूप.

या किनाऱ्याचा पूर्वेतिहास ताम्रपटांनीं राखून ठेवला आहे. १९५५ सालीं चिंचणी येथें कांहीं जुने ताम्रपट सांपडले. त्यांतील शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ सालचा पट राष्ट्रकूटांच्या राजवटींतला आहे. त्या वेळीं संजाण प्रांताचा अधिकारी मधुमति नांवाचा एक ताजिक, म्हणजे अरब, होता. 'मधुमति' हें 'महंमद' या नांवाचेंच संस्कृत रूप. या अधिकाऱ्यानें नदी उतरण्यासाठीं विनामूल्य नावा ठेवल्या, वाटसरूंसाठीं भात, कालवण व तूप मिळणारें अन्नछत्र घातलें, आणि त्याच्या अमदानींत भगवती देवीच्या मठास दानही मिळालें. हजार वर्षांपूर्वीं हा किनारा परदेशच्या माणसांस किती सरावलेला होता, हें यावरून दिसतें.

पुढें पोर्तुगीज आले. १५५९ सालीं दमण त्यांच्या हातीं गेलें आणि तारापूरच्या किल्ल्यावरही त्यांचें निशाण लागलें. तें उतरविण्यास १७३९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं जानेवारींत चिमाजी आप्पांच्या फौजेनें तारापूर हल्ला करून घेतलें. या झुंजींत बाजी भिवराव रेठरेकर हा नांवाजलेला सरदार कामीं आला. त्याच वर्षीं मे महिन्यांत वसई पडली. पेशवाई १८१८ सालीं बुडाल्यावर येथें इंग्रजी अंमल स्थिर झाला.

राज्यें बदललीं, परंतु किनाऱ्यावरील मांगेला समाजाचा व्यवसाय चालूच राहिला. त्याचें मुख्य साधन म्हणजे डोल. डोल हें लांबलचक पिशवीसारखें जाळें असतें. तोंड रुंद, शेपटाकडे निमुळतें. समुद्राच्या तळाशीं रोवलेल्या खुंटांच्या आधारानें तें पाण्यांत उभें करतात. या भागांत भरती-ओहोटीचा फरक मोठ्या उधाणांत पांच मीटरच्या घरांत जातो. पाण्याच्या त्या ओढीबरोबर येणारे बोंबील, जवळा, मांदेली डोलींत शिरतात. मासळीच्या मागें धांवण्याचें हें तंत्र नव्हे. पाणी ती आणून देईल म्हणून वाट पाहण्याचें आहे. म्हणून येथील संसार तिथींवर चालतो. अमावास्या-पौर्णिमेचें उधाण म्हणजे कमाईचे दिवस, अष्टमीच्या सुमारास भांग म्हणजे पाणी मंद आणि हातही रिकामे.

होडी किनाऱ्यास लागली कीं निम्मेंच काम झालेलें असतें. उरलेलें बायकांच्या हातीं असतें. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंच्या मांडवावर उन्हांत टांगतात. जवळा खळ्यावर पसरून वाळवतात. ओली मासळी टोपलींतून बाजारीं जाते, सुकी पावसाळ्याची बेगमी होते. हिशेबही बहुधा त्याच राखतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या समुद्राचें दुसरें मोल जगास कळलें. कोळशाच्या खाणींपासून दूर, पण महाराष्ट्र व गुजराथ या दोघांस जवळ, आणि यंत्रें थंड ठेवण्यास अमाप पाणी, म्हणून तारापूर येथें भारताचें पहिलें अणुवीजकेंद्र उभें राहिलें. १९६९ सालीं तें कामास लागलें. पुढें २००५ व २००६ सालीं प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या चालू झाल्या. त्यांच्यासाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं दोन गांवें उठविण्यांत आलीं. विस्थापितांस नव्या जागा मिळाल्या. परंतु समुद्र दुरावलेल्या मच्छिमारास नुसतें घर पुरत नाहीं, हें त्यांचें गाऱ्हाणें राहिलें. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतांत, अटलांटिकच्या काठीं, प्लोगॉफ नांवाचें असेंच लहानसें गांव आहे. तेथेंही अणुवीजकेंद्र योजिलें होतें. १९८० सालीं गांवकऱ्यांनीं कडवा विरोध केला आणि १९८१ सालीं ती योजना सोडून देण्यांत आली. एका किनाऱ्यानें वीज दिली व दोन गांवें गमावलीं. दुसऱ्यानें गांव राखलें.

नवापूरची चिंता मात्र अणूची नसून सांडपाण्याची आहे. बोईसरजवळील तारापूर औद्योगिक वसाहतींत रसायनें, औषधें, कापड व पोलाद यांचे कारखाने आहेत. त्यांचें पाणी प्रक्रियेनंतर नळानें नवापूरच्या समुद्रांत सोडलें जातें. प्रक्रिया अपुरी राहिली तर काय होतें, हें डोलीच्या रचनेवरूनच समजतें. जी भरती मासळी आणते, तीच दूषित पाणीही किनाऱ्याकडे परत लोटते. आणि जाळें तर जागचें हलत नाहीं. २०१६ सालीं मांगेला समाजाच्या परिषदेनें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्यें न्यायाधिकरणानें प्रदूषणाबद्दल भरपाई वसूल करण्याचा निर्णय दिला. त्यानें तक्रार खरी ठरली. परंतु पैशानें पाणी स्वच्छ होत नाहीं, तें प्रक्रियेनेंच व्हावयाचें असतें.

३० ऑगस्ट २०२४ रोजीं पालघर येथें वाढवण बंदराच्या पायाभरणीचा समारंभ झाला. हें प्रचंड बंदर याच किनाऱ्यावर, उत्तरेस योजिलेलें आहे, आणि मच्छिमारांनीं त्यास विरोध केला आहे. वीज, कारखाने, बंदर यांची देशास गरज आहे, हें या गांवांस कळत नाहीं असें नव्हे. त्यांच्याही घरांत दिवे आहेत आणि त्यांचीं मुलें कारखान्यांत कामास जातात. त्यांचें म्हणणें इतकेंच, कीं देशाच्या हिशेबांत समुद्र ही रिकामी जागा म्हणून धरूं नये. अकरा शतकांच्या मागें मधुमतीच्या नावा ज्या पाण्याशेजारीं चालल्या, त्या पाण्यावर आजही कोणाची तरी चूल पेटते.