जुन्या जीपचा सोलेक्स

परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातले वालूर ओळखले जाते ते तिथल्या चक्राकार बारवेमुळे. पण या पट्ट्याची दुसरी ओळख म्हणजे काळी माती. पाऊस लागला की शिवाररस्त्यावर चाक नुसते फिरत राहते आणि पुढच्या-मागच्या दोन्ही धुऱ्यांना ताकद देणाऱ्या गाडीची किंमत कळते. अशी एखादी जुनी पेट्रोल जीप रस्त्यात बंद पडली, की जमलेल्या चौघांपैकी तिघांचे निदान ठरलेले असते: ‘कार्बेटर गेला.’ बहुतेक वेळा तो गेलेला नसतो.

ही जीप महाराष्ट्रातलीच. १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी निघालेल्या ‘महिंद्र अँड मोहम्मद’मधले मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव बदलले आणि चाळीसच्या दशकाअखेरीस मुंबईत अमेरिकी विलीज जीपची जोडणी सुरू झाली. पुढे आलेल्या ‘सीजे ३बी’ या जीपचे बॉनेट उंच, कारण आतले ‘हरिकेन’ इंजिन उंच. चार सिलिंडर, सुमारे २.२ लिटर, हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व हेडमध्ये, तर धूर बाहेर सोडणारे ब्लॉकमध्ये. तहसील, पोलीस, पाटबंधारे, आरोग्य खाते अशा सगळ्यांच्या दारात ही गाडी उभी असे. लिलावात निघाली की ती खासगी हातात जाई. पेट्रोल परवडेना म्हणून कित्येकांनी तिच्यात डिझेल इंजिन बसवले. ज्या थोड्या मूळ इंजिनावर राहिल्या, त्यांच्यावर अमेरिकी कार्टर कार्बोरेटरऐवजी बहुधा सोलेक्स दिसतो.

सोलेक्स मूळचा फ्रेंच. मॉरिस गुदार आणि मार्सेल मेनसन यांनी नावारूपाला आणलेला. त्याचे काम एका वाक्यात सांगता येते. हवेची वाट मध्येच अरुंद केली, की तिथे हवेचा वेग वाढतो, दाब घटतो आणि शेजारच्या चेंबरमधले पेट्रोल जेटमधून फवाऱ्यासारखे ओढले जाते. साधारण १४.७ किलो हवेला एक किलो पेट्रोल हे गणित त्याला सांभाळायचे असते, तेही सेन्सर नाही, संगणक नाही, अशा अवस्थेत. फ्लोट, सुई, स्प्रिंग, डायफ्राम आणि पितळेत पाडलेली काही भोके, एवढीच सामग्री. बिघडण्यासारखे त्यात थोडेच.

जाणता मिस्त्री म्हणून आधी कार्बोरेटरला हात लावत नाही. तो प्लग काढून बघतो. प्लग काजळीने काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे कमी. मग पॉइंटची फट, जी सुमारे अर्धा मिलिमीटर हवी, मग टायमिंग, मग पेट्रोल पंप. परभणीच्या मे महिन्यात तर इंजिनाला चिकटलेल्या पंपातच पेट्रोलची वाफ होते आणि गाडी थांबते. तिथे ओले फडके टाकून थोडा वेळ दम घेतला, की तीच गाडी पुन्हा चालते. त्यानंतर एअर क्लीनर. जुन्या जीपचा क्लीनर तेलाचा असतो. वाटीतले तेल धूळ पकडते. कापसाच्या हंगामात कच्च्या रस्त्याने धावलेल्या गाडीत त्या तेलाचा चिखल होतो, हवा कोंडते आणि दोष कार्बोरेटरच्या माथी येतो.

एवढे करूनही गाडी स्लोला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, सुरू राहत नसेल, तरच सोलेक्स उतरवायचा. बॅटरीची तार आधी सोडायची आणि बिडीवाल्याला लांब बसवायचे. उभ्या राहिलेल्या गाडीच्या चेंबरमध्ये तळाशी तांबूस गंज आणि भिंतींवर पिवळसर चिकट थर सापडतो. पेट्रोल उडून मागे राहिलेला हा राळेसारखा गाळ. तो जेटमध्येही बसतो. इथेच घाईचा हात तार शोधतो. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: १३० म्हणजे १.३० मिलिमीटर. पोलादी तार फिरवून ते १.३५ झाले, तर डोळ्याला फरक दिसत नाही, पण भोकाचे क्षेत्रफळ जवळपास आठ टक्क्यांनी वाढते आणि गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. म्हणून जेट भिजत घालायचा, हवा मारायची आणि उजेडाकडे धरून बघायचा. भोक स्वच्छ गोल दिसले की काम झाले.

पितळी फ्लोट कानाशी धरून हलवायचा. आत पेट्रोल खळखळले तर त्याला छिद्र आहे. ते दिसत नसेल तर फ्लोट गरम पाण्यात बुडवायचा. बुडबुडा जिथून येतो तिथे छिद्र. आतले पेट्रोल पुरते काढून मगच डाग द्यायचा, तोही जेमतेम, कारण कथलाच्या वजनाने फ्लोट खाली बसतो आणि चेंबरमधली पातळी वर चढते. सुईच्या टोकावर घासून पडलेली गोल रेघ दिसली, की ओव्हरफ्लोचे कारण सापडले. ॲक्सिलरेटर दाबताच गाडी गचका खात असेल, तर ॲक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम कडक झालेला असतो. सुई, डायफ्राम, पॅकिंग हे सगळे दुरुस्तीच्या किटमध्ये मिळते.

किटने न सुटणारा दोष एकच: थ्रॉटलच्या दांड्याची झीज. दांडा बोटाने हलवून बघावा. खडखडला तर तिथून चोरटी हवा आत शिरते आणि मिक्स्चरचा स्क्रू कितीही फिरवला तरी स्लो धरत नाही. त्यावर उपाय लेथवर नवे बुश घालण्याचा, किंवा कार्बोरेटरच बदलण्याचा.

बदलण्यातही मेख आहे. प्रीमियर पद्मिनीवरही सोलेक्सच असे. बाहेरून सारखा दिसतो म्हणून तो जीपवर चढवण्याचा मोह होतो. पण पद्मिनीचे इंजिन १,०८९ सीसीचे, जीपचे त्याच्या दुप्पट. आतली अरुंद वाट आणि जेट त्या मापाचे नसतील, तर चढावर गाडी उपाशी मरते. बाजारात डबाबंद मिळणाऱ्या नव्या नकलांचेही तेच. त्यातले जेट कोणत्या गाडीसाठी घातले आहेत, हे डबा सांगत नाही. जुन्याचे जेट जपून ठेवणे आणि नव्यातल्या आकड्यांशी पडताळणे, हे मिस्त्रीलाच करावे लागते.

आता एक नवी अडचण इंधनातूनच आली आहे. २०२५ मध्ये देशाने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. ऊस आणि मक्यापासून होणारे इथेनॉल शेतकऱ्याच्या फायद्याचे, पण जुन्या जीपच्या सोसण्यापलीकडचे. ते जुने रबर फुगवते, हवेतला ओलावा शोषून चेंबरमध्ये गंज धरवते. शिवाय त्यात मुळातच ऑक्सिजन असल्याने १४.७ चे प्रमाण साडेतेराच्या आसपास येते. म्हणजे कंपनीने घातलेला जेट आता थोडा लहान पडतो. इंजिन गरम होते, प्लग पांढरा पडतो. इथेनॉल सोसणारे डायफ्राम आणि नळ्या, एखादा आकडा मोठा जेट, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी करायची असेल तर चेंबर रिकामा, एवढी पथ्ये जीपवाल्याला पाळावीच लागतात.

शेवटचे काम ट्यूनिंगचे. इंजिन गरम करायचे, मिक्स्चरचा स्क्रू हलक्या हाताने पूर्ण बसवून दीड फेरा मागे घ्यायचा आणि तिथून पुढे कानावर विसंबायचे. आवाज चढतो, सलग होतो, मग पुन्हा अडखळू लागतो. त्या दोन्हींच्या मधली जागा पकडायची.

एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष आले आणि नव्या दुचाकींवरूनही कार्बोरेटर जवळपास हद्दपार झाला. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांपुढच्या सरकारी गाड्यांची नोंदणीच रद्द होते, त्यामुळे लिलावातून चालती जीप मिळण्याची वाटही बंद झाली. नव्या पोराला हे काम शिकायला गाडीच समोर येत नाही. ज्यांच्या दारात पेट्रोल जीप अजून उभी आहे, त्यांनी नवा कार्बोरेटर मागवण्याआधी जुना उघडणारा मिस्त्री गाठावा आणि तो काम करत असताना गावातल्या एखाद्या पोराला शेजारी बसवावे. नवा कार्बोरेटर पार्सलने येईल. तो गाडीला लावून देणारा हात पार्सलने येणार नाही.