परतीचे तिकीट

नालासोपाऱ्यात इफ्तारनंतरच्या चहाला यंदाही तोच विषय निघाला. एक शेजारी आईला उमऱ्याला पाठवणार आहेत. एका एजंटाने बरेच कमी पैसे सांगितले; पण जाण्याचे तिकीट आता, परतीचे ‘तिकडे गेल्यावर’. आईने साठी ओलांडलेली, एकटीने कधी दादरलाही न गेलेली. मी म्हटले, ‘‘भाई, हे तिकीट स्वस्त नाही, अर्धे आहे.’’

ही अडचण जुनीच. जहाजांच्या काळात मुंबईहून हजला निघालेले कितीतरी गरीब यात्रेकरू एकेरी तिकिटावर जात आणि पैसे संपले की जेद्दाहला अडकून पडत. अखेर १९२५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि परतीचे तिकीट किंवा परतीच्या भाड्याची अनामत सक्तीची झाली.

शरीयतचा हिशेबही असाच आहे. हज फर्ज होतो तो ऐपत असलेल्यावर. आणि ऐपतीत जाण्याचा, येण्याचा आणि मागे राहिलेल्या कुटुंबाचा खर्च येतो. उमऱ्यालाही हाच विचार लावावा. भाडे वाचवणे ही कंजुषी नव्हे; उधळपट्टी इस्लामला मान्य नाही.

भाडे ठरते ते मुख्यतः तारखेवर. रमजानमधील उमऱ्याचे पुण्य हजच्या बरोबरीचे, असे हदीस सांगते. त्यामुळे या महिन्यात, विशेषतः शेवटच्या दहा दिवसांत, गर्दी आणि भाडे दोन्ही चढतात. रमजानचाच आग्रह असेल तर पहिले दहा दिवस पाहावेत. नसेल तर हजनंतरचे मुहर्रम-सफर महिने बरे.

दुसरे, जेद्दाहला उतरून मदिनेहून परतणारे तिकीट शोधावे. मदिनेहून जेद्दाहचा चारशे किलोमीटरहून अधिक प्रवास वाचतो. मस्कत किंवा बहरीनमार्गे जाणारे विमान पुष्कळदा स्वस्त पडते. मात्र पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर हवा. दोन वेगळी तिकिटे काढली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर पुढचे नुकसान आपले. सामानाचे पैसे भाड्यात धरले आहेत का आणि जमजमच्या पाण्याचा नियम काय, हेही आधीच विचारावे.

आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या मुलांसाठी एक वेगळा हिशेब. ईदच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत सगळेच घरी निघतात. पण आखातात ईद बहुधा आपल्यापेक्षा एक दिवस आधी येते. तिथली नमाज पढून त्याच दुपारी निघणाऱ्या विमानाचे भाडेही पाहावे. दुबई-मुंबई प्रवास तीनेक तासांचा. चंद्राने साथ दिली, तर चाँदरातीला घरी आणि सकाळी अब्बांसोबत पुन्हा ईदगाहवर.

आणि शेवटचे, पूर्ण पैसे देण्यापूर्वी पीएनआर मागून घ्यावा. विमान कंपनीच्या संकेतस्थळावर जाण्या-येण्याच्या दोन्ही तारखा आणि पासपोर्टप्रमाणे नाव तपासावे. ‘ग्रुप बुकिंग आहे, नंतर देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे सलाम करून उठावे.

शेजाऱ्यांनी दुसरीकडून तिकीट काढले. थोडे महाग पडले. काल तरावीहनंतर त्यांनी कागद आईच्या हातात दिला. तिने मक्केचे नाव शोधले नाही. विचारले, ‘‘परत कधी यायचे, ते कुठे लिहिले आहे?’’