‘निसटणे’ आणि ‘घसरणे’ : पुरुषांच्या सपातांच्या निवडीसंबंधी

जमिनीवरून पाय घसरतो आणि वहाणेतून तो निसटतो. मराठी बोलणारा मनुष्य या दोन क्रियापदांची सहसा अदलाबदल करीत नाही. ‘घसरणे’ या क्रियेत पायाखालच्या पृष्ठभागाचा आधार अपुरा पडतो. ‘निसटणे’ या क्रियेत धरून ठेवणाऱ्या वस्तूची पकड सैल होते. कोशाबाहेर या भेदाला फारसे महत्त्व नाही असे कोणास वाटेल. परंतु उन्हाळ्यात व ओल्या जागी वापरावयाच्या सपाता निवडताना सारी भिस्त याच भेदावर असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘सपात’ हा शब्द पोर्तुगीज ‘सापातु’वरून आलेला मानतात. हल्ली दुकानांतून ‘स्लाइड’ या नावाने जी पादत्राणे मिळतात, ती याच जातीची होत. पायाच्या पुढील भागावर एकच रुंद पट्टा, टाच मोकळी, बोटांच्या बेचक्यात बंद नाही, असे त्यांचे स्वरूप असते. १९७२ साली विक्रीस आलेली जर्मनीतील आदिदासची ‘आदिलेट’ हा या प्रकाराचा प्रसिद्ध नमुना. खेळाडूंनी स्नानगृहात वापरावी, हा तिचा मूळ हेतू. ‘स्लाइड’ हे इंग्रजी नाव, त्याच्या आधीच्या ‘स्लिपर’प्रमाणेच, पाय आत किती सहज सरकतो एवढेच सांगते. तो तितक्याच सहजपणे बाहेर सरकेल काय, याविषयी नाव मौन पाळते.

हा विचार निव्वळ शब्दचर्चेतून सुचलेला नाही. दोन वर्षांपूर्वी माझे वडील मोरीच्या उंबऱ्याशी पडले आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ‘सपाता घसरल्या’ असे घरात सर्वांनी ठरवून टाकले. वडील मात्र म्हणत होते, ‘अरे, पाय निसटला.’ पुढे सपाता उलटून पाहिल्या, तो तळाच्या खाचा शाबूत होत्या. पट्टा मात्र ताणून सैल झाला होता आणि पाय टेकण्याची जागा झिजून गुळगुळीत झाली होती. वडिलांनी दोष अचूक शब्दात सांगितला होता; ऐकणाऱ्यांनी तो ऐकला नाही. त्यात भाषेचा अध्यापकही होता.

प्रथम घसरण्याचा विचार करू. ओल्या फरशीवर तळवा आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो व तो दोहोंचा स्पर्श होऊ देत नाही. तळाला कडेपर्यंत जाणाऱ्या खाचा असल्या म्हणजे दाबाबरोबर पाणी बाहेर पडते. मध्येच बंद होणारी नक्षी दिसावयास सुंदर, पण पाण्याला वाट देत नाही. द्रव्यांपैकी मऊ रबर ओल्यात चांगले धरते, मात्र ते जड असते. ईव्हीएचा फेस अतिशय हलका, पाणी न शोषणारा. म्हणूनच तो लोकप्रिय आहे. परंतु तो वजनाखाली कालांतराने दबतो, तळ लवकर झिजतो, आणि कडक उन्हात ठेवल्यास आकसतो. पॉलियुरेथेनचे काही तळ दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिल्यास आपोआप भुगा होतात. कपाटातील ‘नव्या’ जोडाची ही गत अनेकांनी अनुभवली असेल. कोल्हापुरीचे चामडे कोरड्या उन्हाळ्यात पायास सुखद, पण ते पाणी पिते व सैलावते. मोरीत तिचे काम नाही. खडबडीत शहाबादी फरशीवर जो तळ निर्धास्त चालतो, तोच चकचकीत टाइलवर फसतो. साबणाचे पाणी व शेवाळ यांपुढे तर कोणत्याही तळाचा भरवसा धरू नये.

निसटण्याकडे मात्र खरेदी करणारा क्वचितच लक्ष देतो. सपात घालून दहा-वीस पावले चालावे आणि आपली बोटे काय करतात ते पाहावे. ती आवळून सपात धरून ठेवीत असतील, तर पट्टा सैल आहे. अशा चालण्याने पोटरीही दुखते. पट्टा पायाच्या उंचवट्यावर सर्व बाजूंनी टेकावा, पण कडेने काचू नये. बोटे व टाच तळाच्या बाहेर डोकावू नयेत. आतील पृष्ठभाग किंचित खरबरीत आणि टाचेपाशी खोलगट असावा, कारण ओला पाय गुळगुळीत फेसावर सहज सरकतो. आतून कापडी अस्तर असल्यास ते पाणी धरून ठेवते आणि त्याला वास येऊ लागतो. उन्हाळ्यात दिवसभराने पाय थोडे सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घेणे बरे.

मधुमेहामुळे ज्यांच्या पायाची संवेदना कमी झाली आहे, त्यांनी या प्रकाराच्या वाटेस जाऊ नये. सपात पायातून गेली तरी त्यांना ते उमगत नाही, आणि उघड्या बोटांना झालेली जखमही कळत नाही. त्यांना टाचेमागे बंद असलेलीच पादत्राणे हवीत. माझे वडील आता तशीच वापरतात. त्यांना ‘सपाता’ म्हणणे मात्र त्यांनी अद्याप सोडलेले नाही.