इंग्रजीचा साधा भूतकाळ व आपली मराठी

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलाच्या वहींत तांबड्या शाईच्या खुणा भूतकाळाच्या प्रकरणांत फार पडतात. वास्तविक इंग्रजीचा साधा भूतकाळ हा वर्तमानकाळाहूनहि सोपा आहे. मग अडचण कोठें येते? विचारांतीं असें दिसतें कीं, ती बहुधा इंग्रजींत नसून आपण मराठींतून जी संवय बरोबर घेऊन जातों तिच्यांत असते. म्हणून दोन्ही भाषा शेजारीं शेजारीं ठेवून पाहणें हाच मार्ग उत्तम होय. ज्यांचें 'महाराष्ट्र भाषेचें व्याकरण' १८३६ सालीं प्रसिद्ध झालें व जे पुढें कांहीं काळ आपल्या नगरास डेप्युटी कलेक्टर होते, ते दादोबा पांडुरंग तर्खडकर दोन्ही भाषांचे जाणते होते. द्वारकानाथ राघोबा तर्खडकर यांच्या भाषांतरपाठमालेवर तर मराठी मुलांच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. तिचा पायाहि हाच कीं, मराठी वाक्यावरून इंग्रजी वाक्य घडवावें.

प्रथम कर्ता आणि क्रियापद यांचा संबंध पाहूं. 'मी आंबा खातों' या वाक्यांत क्रियापद कर्त्याच्या मागून चालतें. परंतु भूतकाळांत 'मीं आंबा खाल्ला, मीं भाकरी खाल्ली, मीं केळें खाल्लें' असें होऊन क्रियापद कर्माच्या मागून चालूं लागतें. जुन्या वळणाच्या लेखनांत 'मीं' वर जो अनुस्वार देतात, तो ही तृतीया आहे हें दाखविण्याकरितांच. याचें मूळ संस्कृतांत आहे. संस्कृतांतील 'मया आम्रं खादितम्' यासारख्या कर्मणि रचनेपासून आपला हा प्रयोग आला. ज्ञानेश्वरांनीं आपल्याच जिल्ह्यांतील नेवासें येथें १२९० सालीं 'ज्ञानेश्वरी सांगितली', पण 'ग्रंथ सांगितला' असें आपण म्हणतों. इंग्रजींत दोहोंसहि 'टोल्ड' एवढेंच पुरतें. तेथें कर्म स्त्रीलिंगी कीं पुल्लिंगी, कर्ता एक कीं अनेक, हें क्रियापद विचारीतच नाहीं. आय, यू, ही, शी, दे या सर्वांस 'वेंट' हें एकच रूप चालतें. अपवाद एकच: 'वॉज' व 'वेअर'. तेव्हां येथें आपणांस नवें कांहीं शिकावयाचें नाहीं. जुनी संवय तेवढी बाजूस ठेवावयाची आहे.

दुसरी गोष्ट अनियमित रूपांची. 'गो' चें 'वेंट' कसें, असें मुलें आश्चर्यानें विचारतात. परंतु 'जा' चें 'गेला' कसें, हें त्यांनीं स्वतःस कधीं विचारलें आहे काय? आपला 'जा' हा संस्कृत 'या' धातूपासून आला व 'गेला' हा 'गम्' धातूच्या 'गत' या रूपापासून. त्याचप्रमाणें 'वेंट' हें मूळचें 'वेंड' नांवाच्या निराळ्याच क्रियापदाचें रूप असून 'गो' नें तें आपलेसें केलें. कर-केला, घे-घेतला, हो-झाला हीं रूपें आपण पाठ केलीं नाहींत, तीं कानांवर पडून आलीं. म्हणून इंग्रजी रूपेंहि वर्णानुक्रमानें न घोकतां नादानुसार गट पाडून मोठ्यानें म्हणावीं: सिंग-सँग, रिंग-रँग, ड्रिंक-ड्रँक, राइट-रोट, ड्राइव्ह-ड्रोव्ह, ग्रो-ग्र्यू, थ्रो-थ्र्यू, नो-न्यू. कट, पुट, हिट हीं मुळींच बदलत नाहींत. एक फसवी जोडी ध्यानांत असावी: 'फाइंड' म्हणजे सांपडणें, त्याचें 'फाउंड', आणि 'फाउंड' म्हणजे स्थापन करणें, त्याचें 'फाउंडेड'. शाळा फाउंडेड असते. हरवलेली पाटी फाउंड असते.

तिसरी गोष्ट उच्चाराची. नियमित क्रियापदांस शेवटीं ई-डी लागते. परंतु तिचे उच्चार तीन आहेत. ज्यांनीं संधिप्रकरण वाचलें आहे त्यांस हें सहज उमजेल. 'जगत्' पुढें 'ईश' आला कीं 'जगदीश' होतो. म्हणजे कठोर वर्ण मृदु वर्णाच्या संगतीनें मृदु होतो. इंग्रजींतहि संगतीचाच गुण आहे. धातूचा शेवटचा ध्वनि क, प, स, श, च असा कठोर असेल तर 'ट' ऐकूं येतो: वॉक्ट, हेल्प्ट, वॉश्ट. तो मृदु किंवा स्वर असेल तर 'ड': ओपन्ड, प्लेड. आणि शेवट मुळांतच ट किंवा ड असेल तर 'इड': वाँटिड, मेंडिड. सगळीकडे 'एड' असें ठांसून म्हणण्याची आपली रीत चुकीची आहे.

चौथी गोष्ट नकाराची व प्रश्नाची. 'तो गेला' याचा नकार 'तो गेला नाहीं' आणि प्रश्न 'तो गेला काय?' असा होतो. मराठींत 'गेला' जागचा हालत नाहीं, म्हणून मुलगा 'डिड नॉट वेंट' असें लिहितो. परंतु इंग्रजींत भूतकाळाचें ओझें एकानेंच वाहावयाचें असतें. 'डिड' आला कीं त्यानें तें उचललें. मग मागचें क्रियापद मोकळें होऊन मूळ रूपांत येतें: 'ही डिड नॉट गो', 'डिड ही गो?'

पांचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. 'मी काल संगमनेरास गेलों होतों' असें आपण म्हणतों, तेव्हां जाऊन परत आलों असें सुचवितों. मुलगा त्याचें शब्दशः 'हॅड गॉन' करितो. इंग्रजींत 'हॅड गॉन' हें भूतकाळांतील दुसऱ्या एखाद्या गोष्टीच्याहि आधींची गोष्ट दाखवितें. ती दुसरी गोष्ट सांगितली नाहीं, तर वाचणारा 'आधीं म्हणजे कशाच्या आधीं?' असें विचारीत राहतो. येथें साधें 'वेंट' हवें. तसेंच 'मी कालच आलों आहें' हें मराठींत शुद्ध आहे. पण 'यस्टर्डे' असा ठराविक गत काळ सांगितला कीं इंग्रजींत 'हॅव कम' चालत नाहीं, 'केम' च पाहिजे. शिवाय आपला भूतकाळ पुढच्या गोष्टीसहि लागतो. कोणी हांक मारली कीं आपण जागेवरूनच 'आलों, आलों' म्हणतों. इंग्रजींत तेथें 'केम' म्हणाल तर ऐकणारा आपणांस दारांत शोधूं लागेल. 'आय अ‍ॅम कमिंग' असें म्हणावें.

हा केवळ परीक्षेच्या गुणांचा प्रश्न नव्हे. 'मुलाला ताप आला' असें आपण म्हणतों तेव्हां ताप बहुधा अजून अंगांत असतो. परंतु मराठी न जाणणाऱ्या डॉक्टरास 'ही हॅड फीवर' असें लिहून दिलें, तर तो येऊन गेला असाच अर्थ होईल. 'ही हॅज फीवर' लिहिलें तर आजच औषध मिळेल. साक्ष, अर्ज, अहवाल, इतिहास हीं सर्व घडलेल्या गोष्टी सांगण्यावर उभीं आहेत. ज्याच्या घरांत इंग्रजी जाणणारा पहिला तोच, त्या खेड्यांतील विद्यार्थ्यावर तर पुष्कळदां साऱ्या घराचे कागद लिहिण्याची पाळी येते. त्याच्या एका क्रियापदावर घराचें काम अडतें किंवा सुटतें.

यास उपाय सोपा आहे. रोज निजण्यापूर्वीं त्या दिवशीं घडलेल्या पांच गोष्टी इंग्रजींत लिहाव्या. त्यांतील दोहोंचा नकार व दोहोंचा प्रश्न करावा. आणि सर्व मोठ्यानें वाचावें. वाक्यें लहान असोत, पण खरीं असोत. जें स्वतः केलें, पाहिलें, ऐकलें, तें सांगतां सांगतां भूतकाळ जिभेवर बसतो. आणि एकदां बसला म्हणजे तो सहसा विसरत नाहीं.