मलेरियाची गोळी, खर्रा आणि पेशीतली साफसफाई

क्लोरोक्विनची कडू चव नागभीड-गडचिरोलीच्या जुन्या माणसांना सांगावी लागत नाही. मलेरियाची हीच गोळी संशोधक कॅन्सरच्या औषधांना जोड म्हणून आजमावताहेत!

कारण दडलंय तंतुकणिकांत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या या कणिकांकडे स्वतःचा डीएनए असतो: जनुकं फक्त 37. कणिका बिघडली की पेशी तिला पचवून टाकते. प्रौढ तांबड्या रक्तपेशीत तर एकही कणिका उरत नाही. पेशी घडतानाच सगळ्या साफ! पेशी स्वतःचेच भाग कसे पचवते, हे उलगडणाऱ्या योशिनोरी ओसुमींना 2016 चं नोबेल मिळालं.

बिघाड ओळखायची रीत तर अफलातून आहे. पिंक-1 नावाचं प्रथिन निरोगी कणिकेत शिरतं आणि लगेच नष्ट होतं. कणिका आजारी असेल तर ते बाहेरच अडकून साचतं आणि पार्किन या दुसऱ्या प्रथिनाला बोलावतं. पार्किन खुणा ठोकतं, मग पेशी त्या कणिकेभोवती पडदा गुंडाळून तिला पचनाच्या पिशवीत ढकलते. ही दोन्ही नावं आधी गाजली कंपवातामुळे. पुढे कळलं, कॅन्सरच्या बऱ्याच गाठींमध्ये पार्किनचं जनुकच तुटलेलं असतं.

खरी गंमत पुढे आहे. ही सफाई निरोगी पेशीला कॅन्सरपासून जपते, पण गाठ एकदा धरली की तिलाही तगवते. केमोने कणिका मोडल्या तरी कॅन्सरपेशी मोडतोड उपसून उभी राहू शकते. क्लोरोक्विन त्या पचनाच्या पिशवीतलं आम्ल उतरवतं, सफाई तुंबते. चाचण्यांचे निकाल मात्र संमिश्र आहेत, म्हणून ही गोळी कॅन्सरवर आपल्या मनाने मुळीच घेऊ नये.

आणि पानठेल्यावर पन्नीत घोटला जाणारा सुपारी, तंबाखू अन् चुन्याचा खर्रा? सुपारी अन् चुना एकत्र आले की पेशीला जाळणारे ऑक्सिजनचे उग्र रेणू तयार होतात. तंतुकणिकाही त्यात होरपळतात. ‘नुसती सुपारी’ असंही म्हणू नका: तंबाखूविना सुपारीही कॅन्सरकारक, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने 2004 मध्येच जाहीर केलं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेचं ‘मुक्तिपथ’ हे व्यसनमुक्ती अभियान याच खर्र्याशी झुंजतंय. खर्रा खाणाऱ्याच्या तोंडात तीन बोटं उभी जात नसतील, तर दातांच्या डॉक्टरांना याच आठवड्यात दाखवा.